अहो-जाहोपासून अरे-तुरेपर्यंत : रीजन्सी रोमान्स कसा वाचावा

ठाण्यात एका वकिलांकडे मी दस्त तयार करण्याचं काम करते. मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि सगळ्यात जास्त हक्कसोडपत्र. भावाशेजारी बसलेली बहीण "कुठे सही करू?" एवढंच विचारते, अंगठ्याची शाई पदराला पुसते आणि उठते. दिवसभर हे पाहिल्यावर रात्री मला हट्टी नायिका लागते. इंग्लंडच्या रीजन्सी काळातली, म्हणजे 1811 ते 1820 मधली, आणि प्रेमकथा चांगली तिखट हवी.

मैत्रिणींना अशी पुस्तकं दिली की बऱ्याच जणी पन्नासाव्या पानावर थांबतात. "एवढा चांगला ड्यूक मागे लागलाय, ही अडून का बसलीय?" अडण्याचं कारण कळलं नाही तर पुढचा शृंगारही फिका लागतो. म्हणून आधी तिचे कागद बघा.

त्या काळी सज्ञान, अविवाहित बाईला स्वतःच्या नावावर पैसा, जमीन ठेवता येई, करार करता येई. लग्न लागलं की पैसा-अडका नवऱ्याचा आणि जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हातात. हे बदलायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा, तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. तो सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. म्हणजे ती "नाही" म्हणते तो नखरा नसतो. तिच्यापुढे सरसकट हक्कसोडपत्र ठेवलेलं असतं आणि ती सही करायला तयार नसते. माहेरचे जागरूक असतील तर लग्नाआधी करार करून तिचा पैसा विश्वस्तांकडे ठेवत. ही कराराची पानं कृपा करून गाळू नका. विश्वस्त कोण, हातखर्चाला वर्षाला किती, नवरा आधी गेला तर तिला काय, हे मी दोनदा वाचते. लेखिकेला नायिकेची खरी काळजी आहे का, ते तिथेच कळतं.

नावांचा गोंधळ होतोच. नायकाला स्वतःचं नाव असतं, आडनाव असतं आणि पदवीचं नाव तिसरंच. खूणपट्टीवर तिन्ही लिहून ठेवा. उतरता क्रमही लिहा: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. हे पाठ झालं की खरी गंमत सुरू होते. इंग्रजीत 'यू' एकच. मग अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं दाखवायचं कसं? ते नावातून दिसतं. दोनशे पानं ती त्याला पदवीने हाक मारते आणि एका रात्री त्याचं पाळण्यातलं नाव तिच्या तोंडून निघतं. माझी आजी जन्मभर आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घ्यायची. अशा घरातल्या वाचकाला त्या एका हाकेचं वजन सांगावं लागत नाही.

आता तिखट भाग. थेट त्या पानावर उडी मारू नका, आणि लाजून गाळूही नका. आपल्याकडे त्याच सुमारास, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, होनाजी बाळाच्या शृंगारिक लावण्या रंगत होत्या. आपल्याला हे परकं नाही. सावकाश वाचा, विशेषतः हातमोजे आले की. नाचाच्या दालनात सगळ्यांच्या हातात मोजे, त्यामुळे हातात हात असूनही कातडीला कातडी लागत नाही. बायका मोजे काढत त्या जेवायला बसताना. मग बंद बग्गीत तो तिचा कोपरावर गेलेला मोजा खाली सरकवतो, एकेक बोट सोडवतो, मनगटापाशी थांबतो आणि विचारतो, "काढू?" ते अर्धं पान मला पुढच्या दहा पानांपेक्षा प्रिय आहे. कायद्याने सगळं घेण्याचा हक्क ज्याला उद्या मिळणार, तो आज विचारतोय. तिने होकार द्यावा, वर काय हवं-नको तेही सांगावं. तिचा हट्ट बिछान्यातही शाबूत राहिला पाहिजे.

नायक विचारतच नसेल आणि जबरदस्तीला लेखिका प्रेम म्हणत असेल, तर पुस्तक मिटा. 1970-80 च्या दशकांतल्या पुस्तकांत हे बरंच आढळतं. पैसे गेले तरी चालेल, मी पुढे वाचत नाही.

आणखी एक, हे खास आपल्यासाठी. नायिकेच्या खांद्यावर बहुतेकदा काश्मिरी शाल असते, आणि एखादा नायक 'हिंदुस्थानात पैसा कमावून' परतलेला असतो. तिथे साल बघा. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. असा नायक आला की हा पैसा कुणाचा, हे नायिका विचारते का, याकडे माझं लक्ष असतं. जिने विचारलं, तिची पुस्तकं मी वेगळ्या फळीवर ठेवली आहेत. सध्या तिथे दोनच आहेत.