खान्देशातली उन्हाळी परसबाग: पाणी वाढवण्याआधी माती झाका

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि दुपारी झळा सुरू होतात. परसबागेतली गिलकी, दुधी, कारली अशा वेळी माना टाकतात. लगेच नळी धरू नका. मोठ्या पानांचे वेल दुपारी मलूल होतातच, संध्याकाळी सावरतात. सकाळीही पाने लोंबलेली दिसली, तरच बोटभर माती उकरून ओल पाहा. आपल्या काळ्या जमिनीत वरचा थर कोरडा दिसतो, पण खाली ओल टिकून असते. रोज पाणी ओतत राहिलात तर मुळे कुजतात आणि झाड पाणी असूनही सुकते.

उन्हाळ्यात खरी राखायची आहे ती माती. काळी जमीन तापली की भेगा पडतात. त्या भेगांतून ओल उडते, कोवळी मुळेही तुटतात. म्हणून आधी खुरप्याने वरची माती हलकी मोकळी करून भेगा बुजवा, पाणी द्या आणि मग तीन-चार बोटे जाड आच्छादन पसरा. रावेर-यावल पट्ट्यात केळीची वाळलेली पाने मुबलक मिळतात. इतरत्र गव्हाचा भुसा किंवा उसाचे पाचट चालते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा आणि आच्छादन अधूनमधून उचलून वाळवी लागली नाही ना, ते पाहा. कच्चे शेण या दिवसांत अजिबात घालू नका. मुळांना उष्णता लागते आणि वाळवीलाही आयते निमंत्रण मिळते.

पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्या. वेलांसाठी मडके उत्तम: बिनरंगाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, भोवती वेल लावा, पाणी भरून तोंड झाका. ओल पाझरत थेट मुळांशी जाते. पश्चिमेच्या बाजूला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) किंवा तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) कूड उभारा, झळ अडते. मिरची, टोमॅटो, पालेभाज्यांवर दुपारपुरती जुन्या साडीची सावली करा. कडक उन्हात टोमॅटोची फुले गळतात, त्यावर औषध फवारून उपयोग नाही.

वेलांना फुले खूप, फळ नाही, ही तक्रार या दिवसांत नेहमीची. उष्णतेत नरफुले जास्त येतात, मधमाश्याही कमी फिरतात. तेव्हा नरफूल तोडून त्याचे परागकण मादीफुलाला हाताने लावा. मादीफुलामागे इवलेसे फळ दिसते. गिलके आणि कारले यांची फुले सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. वेळ चुकली तर मेहनत वाया.

वांगी-भेंडीची पाने पांढुरकी, जाळीदार दिसू लागली तर ती लाल कोळी ही बारीक कीड आहे. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा. लिटरला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून तो अर्क संध्याकाळी फवारा. शिरा पिवळ्या पडलेली भेंडी मात्र उपटूनच टाका, पांढरी माशी तो रोग इतर झाडांवर नेते.

गवार, चवळी, तांदुळजा, अंबाडी ही उन्हाला धीट. आखाजीनंतरही (अक्षय्य तृतीयेनंतरही) थोडी थोडी पेरत राहा. आणि मे संपता संपता भरिताच्या वांग्याचे बी गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) विरळ पेरा, वर सावली ठेवा. चार-पाच आठवड्यांत रोपे लावणीला येतात, तोवर पाऊसही सुरू झालेला असतो.