चिंचोळी एमआयडीसीची गाडी: कोणाला कोणासोबत बसवायचं ते असं ठरवा

"एका भागातली माणसं एका गाडीत घाला" हा सल्ला जो तो देतो. त्याच्या नादाने मी पहिले दोन महिने लोकांचे शिव्याशाप खाल्ले. जुळे सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीला कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या मी बरीच वर्षं लावतोय, म्हणून सोलापूरच्या या औद्योगिक वसाहतीच्या गाड्यांबद्दल ठामपणे सांगतो: पत्ता बघून गाडी भरायची नसते, वाट बघून भरायची असते.

आधी दोन आठवड्यांची माहिती घ्या. चढायची जागा, गेटवर पोचायची वेळ, परतीची वेळ, सुट्टीचा वार, बस्स. निघायची वेळ तोंडी विचारू नका. "सव्वाआठ" म्हणणारा माणूस आठ सत्तावीसला चप्पल घालतो. रोजच्या रोज लिहून घ्या. नुसतं "आसरा" (चौक) लिहिलं असेल तर तिथल्या पुलाच्या अलीकडे की पलीकडे, हे विचाराच, खाली रेल्वेलाइन आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस काढून टाका, त्या दिवसांत होम मैदानाच्या आसपासचं वेळापत्रक खरं नसतं.

आता जोड्या लावणं. सगळे इथेच चुकतात.

माझी चूक सांगतो. विजापूर रोडच्या सैफुलजवळचा एक आणि होटगी रोडच्या आसरा चौकातला एक, दोघांच्याही पत्त्यात "जुळे सोलापूर". नकाशावर बोटभर अंतर, म्हणून एका गाडीत बसवले. गाडी एकाला घेऊन दुसऱ्यासाठी आडवी जायची आणि मग पुणे नाक्याकडे वळायची. पहिला रोज वीसेक मिनिटं जास्त बसून राहायचा. उलट आसरा चौकातून निघालेली गाडी 'सात रस्ता' चौकातल्या माणसाला वाटेतच घेते. अंतराने तो लांबचा, तरी खरा सोबती तोच.

न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या सुमारे १५ कोटी फेऱ्यांवर एमआयटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये जो अभ्यास मांडला, त्याची रीत कागदावरही करता येते. प्रत्येक फेरी म्हणजे एक ठिपका. दोन फेऱ्या एकत्र केल्या आणि दोघांपैकी कोणालाही ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला नाही, तर त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. प्रवाशांना थोड्याशा मिनिटांचा उशीर चालला, तर गाड्यांचं एकूण धावणं ४० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकतं, असं तिथे दिसलं. आपल्याकडे तेवढंच होईल असं समजू नका, रीत मात्र घ्या.

माझी मर्यादा सात मिनिटं. एकट्याने ३५ मिनिटं लागत असतील आणि सोबतीने ४१, तर रेघ मारायची. ४४ लागली तर नाही. २० माणसांच्या १९० जोड्या होतात, पण पोचायच्या वेळेत पंधरा मिनिटांहून जास्त फरक असलेल्या आधीच खोडल्या की पुष्कळ काम हलकं होतं. उरलेल्यांची वेळ नकाशाच्या अॅपवर त्याच वाराची, त्याच तासाची बघा. रविवारी दुपारी बघितलेली वेळ सोमवारी सकाळी कामाची नाही.

तिघांची गाडी करताना सगळ्यात जास्त जपा. अ-ब जुळतात, ब-क जुळतात, अ-क जुळतात, म्हणून तिघे जुळतातच असं नाही. सगळा उशीर पहिल्यांदा चढणाऱ्याच्या अंगावर साचतो. प्रत्येक थांब्याला दोन मिनिटं धरून, चढण्याच्या क्रमाने तिघांची वेळ पुन्हा मोजा. ही मोजणी टाळून तिसरा माणूस भरणाऱ्यावर मला राग येतो, कारण त्याची किंमत रोज एकच माणूस मोजतो आणि बहुतेक वेळा तो बोलत नाही.

गाडी पिवळ्या पाटीचीच ठरवा. भाडं सारखं वाटू नका, ज्याच्या त्याच्या एकट्याच्या अंतराप्रमाणे घ्या.

आणि ही सगळी माहिती लिहिलेली शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोणती बाई कुठून किती वाजता एकटी निघते, हे त्यात लिहिलेलं असतं. शीटमध्ये घराचा पत्ता ठेवूच नका, चौक पुरतो. चालकाला फक्त त्या दिवसाचे थांबे द्या.

पहिला आठवडा चालकाकडून प्रत्येक थांब्याची खरी वेळ लिहून घ्या. जिथे सलग तीन दिवस चार मिनिटांच्या वर थांबावं लागलं, तो थांबा गल्लीतून मुख्य रस्त्यावर आणा, मात्र उन्हाळ्यात तिथे सावली आहे का, हे स्वतः जाऊन बघून.