'कनार्ड': शब्दाचं मूळ कसं तपासावं आणि तो कुठे वापरावा

इंग्रजी अग्रलेखांत 'कनार्ड' हा शब्द हटकून भेटतो. छोट्या कोशात 'खोटी बातमी' एवढाच अर्थ दिलेला असतो. तेवढ्यावर भागवलं की वापर चुकतो, म्हणून मूळापासून सुरुवात करावी.

आधी स्पेलिंग पक्कं करा: सी-ए-एन-ए-आर-डी, 'एन' एकच. उच्चारताना जोर 'नार्ड' या दुसऱ्या भागावर येतो. शब्द फ्रेंचमधून आलाय, तिथे उच्चार 'कानार' आणि साधा अर्थ बदक. जुन्या फ्रेंचमध्ये तो बहुधा बदकाच्या आवाजावरूनच पडला असावा.

आता बदकाचा खोटेपणाशी संबंध काय? इथेच लोक फसतात. इंटरनेटवर एक गोष्ट फिरते. कॉर्नेलिसन नावाच्या बेल्जियन गृहस्थाने वाचक किती भोळे आहेत ते पाहायला बातमी सोडली: वीस बदकांतलं एक कापून उरलेल्या एकोणीस बदकांना घातलं, मग त्यातलं एक अठरांना, असं करत शेवटच्या एकट्या बदकाने बाकी सगळी फस्त केली. त्यावरून खोट्या बातमीला 'कनार्ड' म्हणू लागले, म्हणे.

गोष्ट चटकदार आहे, पण तारखा जुळत नाहीत. हा माणूस अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला. रँडल कॉटग्रेव्हचा फ्रेंच-इंग्रजी कोश मात्र 1611 चा, आणि त्यात 'बदकं अर्धी विकणारा' म्हणजे ठग, लबाड, अशी नोंद आहे. 'बदक अर्धं विकणं' म्हणजे मुळात न विकणंच, गिऱ्हाइकाला बनवणं. पुढे 'अर्धं' गळून पडलं आणि नुसतं बदक उरलं. इंग्रजीत हा अर्थ रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास. कुठल्याही शब्दाची रंजक जन्मकथा ऐकली की हेच करा: कथेचं साल आणि त्या अर्थाची सर्वांत जुनी छापील नोंद शेजारी ठेवा. नोंद आधीची निघाली तर कथा बाद. जुन्या नोंदींसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश लागतो, कारण तो प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे देतो. खिशातल्या कोशात ते मिळत नाहीत.

मग संदर्भ पाहा. विमानांच्या लेखात 'कनार्ड' म्हणजे मुख्य पंखाच्या पुढे बसवलेला छोटा पंख. नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या सुखोई-30 एमकेआय विमानांना तो आहे. तिथे 'अफवा' असं भाषांतर करणं म्हणजे अनर्थ. फ्रेंच बोलीत तर 'कानार' म्हणजे वर्तमानपत्रही. पॅरिसचं 1915 मध्ये सुरू झालेलं उपहासात्मक साप्ताहिक 'ल कानार आंशेने' त्याच नावाचं.

वापरताना सर्वांत मोठी चूक म्हणजे कुठल्याही खोट्याला 'कनार्ड' म्हणणं. मुलाने गृहपाठाबद्दल मारलेली थाप 'फिब', साक्षीदाराने शपथेवर सांगितलेलं खोटं 'पर्जरी'. 'कनार्ड' लोकांत फिरावं लागतं, आणि खोडून काढलं तरी पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून त्याच्याआधी 'ओल्ड' हे विशेषण वारंवार दिसतं. त्यात कुणाची तरी बदनामी असते, निदान बऱ्याचदा. ज्यूंवर शतकानुशतकं लादलेल्या खोट्या आरोपांसाठी हा शब्द नेहमी येतो, आणि तिथे तो हलक्या हाताने घेऊ नये.

मराठीत आणताना बातमी ताजी असेल तर 'कंडी' किंवा 'वावडी' चपखल बसते: कुणीतरी कंडी पिकवली, वावड्या उठल्या. 'लोणकढी थाप' इथे चालत नाही, तिच्यात गंमत आहे, डंख नाही. वर्षानुवर्षं चिकटलेल्या आरोपासाठी मात्र एका शब्दाचा हट्ट सोडून 'वारंवार खोडून काढलेला खोटा आरोप' असं सरळ लिहावं.