नागपुरात राहून भूकंपाची तयारी कशी करावी

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ते ठिकाण आपल्यापासून ३०० किलोमीटरहून दूर, तरी हादरा नागपुरातही जाणवला. लोक खाली उतरले, थोडा वेळ थांबले, पुन्हा वर गेले. "नागपूर सुरक्षित झोनमध्ये आहे" असे म्हणून विषय तिथेच संपतो. तो संपू नये, म्हणून हा लेख.

आधी धोका नीट समजून घ्या

भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात नागपूर झोन २ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. पण किल्लारीची आठवण ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली असताना तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळपास १०,००० माणसे गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे त्या काळचा सर्वांत सुरक्षित. पुढे झोन १ च रद्द करून झोन २ मध्ये मिसळला. झोन कमी असला म्हणजे भूकंपाची शक्यता कमी असते, ती शून्य होत नाही.

भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो दाब द्वीपकल्पातल्या जुन्या कमकुवत पट्ट्यांतही साठतो. आपल्या उत्तरेला नर्मदा-सोन पट्टा, आग्नेयेला गोदावरीचे खोरे, आणि मधे नागपूर. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला तो याच नर्मदा पट्ट्यात. जबलपूर इथून सरळ रेषेत साधारण २४० किलोमीटर. शिवाय द्वीपकल्पाचा खडक जुना आणि टणक असल्याने लहरी फारशा क्षीण न होता लांबवर पोहोचतात.

भूकंपाची तारीख-वेळ सांगणारा निरोप मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नका. तसे भाकीत आज कोणालाच करता येत नाही.

मग घरातल्या जड वस्तू बांधा

सुट्टीच्या एका दुपारचे हे काम, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. नागपूरकरांनी सुरुवात कूलरपासून करावी. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या कूलरमध्ये ६० लिटर पाणी भरले की ६० किलो वजन वाढते. स्टँड गंजला असेल, भिंतीतले बोल्ट हलत असतील, तर हादऱ्यात तो खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर येईल. दर वर्षी उन्हाळ्याआधी कूलर काढता-लावता, तेव्हाच बोल्ट तपासून घ्या. गच्चीवरची पाण्याची टाकी नुसती विटांवर टेकवलेली असेल तर तीही पक्की बसवून घ्या.

आत या. कपाट, फ्रिज आणि पुस्तकांची मांडणी मागच्या भिंतीला एल आकाराच्या पट्टीने स्क्रू करा. माळ्यावर रचलेली पितळी भांडी, जुन्या ट्रंका खाली घ्या. पलंगाच्या वर जड फोटो किंवा घड्याळ टांगू नका. सिलिंडरचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा, आजी-आजोबांनाही.

इमारतीकडे डोळे उघडून पाहा

किल्लारीत माणसे बहुतांशी घरांखाली दबून गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचे प्रचंड ओझे. महाल, इतवारीकडचे जुने मातीकामाचे वाडे अजून राहते असतील, तर भिंतींचे कोपरे उकलले आहेत का, तुळई भिंतीत किती आत टेकली आहे, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या.

नव्या फ्लॅट स्कीममध्ये प्रश्न वेगळा. खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा रचनेत सगळा ताण तळमजल्यावर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. आपल्या सोसायटीत पार्किंगचा कॉलम फोडून कोणी दुकान काढू पाहत असेल, तर भांडा.

घर बांधत असाल तर कॉलमच्या सळयांना बांधलेल्या रिंगा बघायला स्वतः उभे राहा. रिंगेची टोके काटकोनात न सोडता आत, कॉलमच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत (१३५ अंशांत). विटांच्या घरात खिडकी-दारांच्या वरून चारही भिंतींवर सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी हवी. ती फक्त दारापुरती टाकून गवंड्याला सोडू नका.

हादरा बसला की

आधी वेगवान प्राथमिक लहर येते, हलका धक्का देऊन जाते. जास्त हलवणारी दुय्यम लहर मागून येते. जबलपूरइतक्या अंतरावरून दोन्हींत साधारण अर्ध्या मिनिटाचे अंतर पडते. केंद्र जवळ असेल तर हा वेळ जवळजवळ मिळत नाही, म्हणून पहिल्या धक्क्यालाच हालचाल करा.

पक्क्या इमारतीत असाल तर जिन्याकडे धावू नका, लिफ्टला हात लावू नका. मजबूत टेबलाखाली वाका, डोके-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर काचेपासून दूर, आतल्या भिंतीशी बसा. पलंगावर असाल तर तिथेच डोक्यावर उशी घ्या. कच्च्या घरात तळमजल्यावर, दाराजवळ असाल तर मात्र बाहेर मोकळ्यावर निघा. गाडीत असाल तर उड्डाणपुलाच्या वर किंवा खाली न थांबता पुढे जाऊन कडेला लावा.

थांबल्यावर गॅस आणि मेन स्विच बंद करा, चप्पल घाला, जिन्याने उतरा. गॅसचा वास येत असेल तर कोणतेच बटण, अगदी मेन स्विचही, दाबू नका; तसेच बाहेर पडा. मदतीसाठी ११२. मागून येणारे धक्के तडा गेलेली भिंत पाडू शकतात, म्हणून दागिने आणायला परत जाऊ नका.

पुरी, चेन्नई, अंदमानला गेलात तर

त्सुनामी नागपूरला येणार नाही, पण नागपूरकर समुद्रावर जातात. समुद्रतळ उभा उचलला किंवा खचला की वरचे सगळे पाणी ढकलले जाते. खोल समुद्रात ती लाट ताशी ७०० किलोमीटरहून वेगाने धावते, किनाऱ्याजवळ मंदावते आणि उंच होते. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या ९.१ तीव्रतेच्या भूकंपानंतर चेन्नईला लाट पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, अंदमान-निकोबारला त्याहून कितीतरी कमी. इंडोनेशियाचे सिमेलुए बेट तर भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. पण १९०७ च्या लाटेची गोष्ट तिथे घराघरांत सांगितली जात होती. जमीन हलताच लोक डोंगरावर पळाले आणि जवळपास सगळे वाचले.

किनाऱ्यावर जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, पाणी अचानक आत ओढले जाऊन तळ उघडा पडला, किंवा समुद्राचा वेगळाच गडगडाट आला, तर शंखशिंपले वेचायला पुढे जाऊ नका. सामान टाकून उंचावर किंवा आत पळा. ते जमत नसेल तर पक्क्या इमारतीचा वरचा मजला गाठा. हैदराबादच्या इशारा केंद्राकडून २००७ पासून त्सुनामीचे इशारे दिले जातात, पण भूकंपाचे केंद्र जवळ असेल तर इशाऱ्याची वाट पाहत बसू नका. पहिली लाट ओसरली म्हणून खालीही येऊ नका. पुढची लाट मोठी असू शकते, आणि लाटा कित्येक तास येत राहतात. प्रशासनाने सांगितल्यावरच उतरा.