बँकेच्या खिडकीशी मराठीतच बोला

माझा डबे द्यायचा धंदा, शिक्षण सातवी. बँकेत गेले की इंग्रजी स्लिप धरून दाराशी उभी राहायचे. 'जरा भरून देता का?' म्हणताना घसा सुकायचा. कुणी 'दे इकडे' म्हणायचं, कुणी नुसतं वरून खाली बघायचं.

आता माझी रीत सांगते. पैसे भरायची स्लिप, खातं उघडायचा फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि राज्याच्या भाषेत असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. टेबलावर नसेल तर मागून घ्या. "मराठी फॉर्म द्या," एवढंच. "सॉरी हं, मला इंग्रजी येत नाही" अशी सुरुवात नको. तिथंच समोरचा खुर्चीत मागे रेलतो.

चेकही मराठीत चालतो. मी नावाच्या जागी 'स्वतः' लिहिलं, अक्षरी 'चार हजार पाचशे फक्त', आकड्यात ४,५००. अक्षर अगदी डावीकडून सुरू करायचं, उरलेल्या जागेत आडवी रेघ. खाडाखोड नको. सही खात्यावर आहे तशीच. सून म्हणते इंग्रजी सही शोभते. शोभायला ती काय नथ आहे?

पहिल्या वेळी खिडकीतून चेक परत सरकवला, "इंग्लिशमध्ये आणा." मागं रांग, माझी कानशिलं तापलेली. अशा वेळी बाजूला होऊ नका, आवाजही चढवू नका. मी म्हटलं, "नाकारलंय ते लेखी द्या, साहेब." ते आत मॅनेजरकडे गेले. आले ते नोटा मोजतच.