चितळांसाठी कुरण करताय? ट्रॅक्टर बोलावण्याआधी या चुका टाळा

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून पारशिवनी-देवलापारकडे ज्यांची पडीत वावरं आहेत, त्यांच्यातले काही जण दर उन्हाळ्यात मला एकच प्रश्न विचारतात. दोन-तीन एकर रानातल्या जनावरांसाठी सोडायचे आहेत, चितळ-सांबर चरतील असं गवत लावायचं आहे, तर नांगरटी कधी करू? माझं उत्तर ऐकून ते गोंधळतात, कारण बहुतेक वावरांत नांगरटी करायचीच नसते. पैसे तिथे घालू नका, निंदणासाठी राखून ठेवा.

हे मी माझ्याच वावरात शिकलो. पहिल्या वर्षी मे महिन्यात तीन एकर नांगरले, मृगाच्या पावसावर रोटाव्हेटर फिरवला आणि मारवेल गवताचं बी फेकलं. दहा दिवसांत सगळं वावर हिरवंगार. आषाढ निम्मा सरला तेव्हा कळलं की तो सगळा तरोटा आहे, मध्ये मध्ये गाजरगवत आणि धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, रानतुळस. चितळ याला सहसा तोंड लावत नाहीत. मी गुडघ्यावर बसून एक ढेकूळ फोडलं. आत तीन बोटं खोल मारवेलचा पांढरा कोंब वेटोळं घालून पडला होता, उजेडापर्यंत न पोचता पिवळा पडलेला. बी चांगलं होतं, मी ते गाडून टाकलं होतं.

यातली पहिली गोष्ट तणाची. पडीत जमिनीत तणाचं बी वर्षानुवर्षं झोपून असतं. तरोट्याच्या बियांचं कवच टणक असतं, नांगर-रोटाव्हेटरने ते खरवडतं, बी वर येतं, त्याला उजेड आणि ओल मिळते आणि सगळं एकदम उगवतं. दुसरी गोष्ट काळ्या मातीची. कोरडी असताना नांगरली की डोक्याएवढी ढेकळं निघतात. पाऊस पडला की त्यांच्या फटींतून बारीक माती खाली सरकते आणि सोबत गवताचं बीही जातं. ज्वारी-तुरीचं बी तेवढ्या खोलातून वर येऊ शकतं, गवताचं येत नाही. त्याला अर्ध्या ते एक सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नकोच.

कुसळी गवताचं एक पिकलेलं बी तळहातावर घेऊन बघा. मागे काळपट, पीळ पडलेलं लांब कुसळ असतं. त्यावर पाण्याचा थेंब सोडा. कुसळ हळूहळू उलगडत फिरायला लागतं आणि बियाचं टोक कातडीला टोचतं. जमिनीवर हेच होतं. दिवसा सुकतं, रात्री दवाने भिजतं, फिरत फिरत बी भेगेत शिरतं. मारवेललाही असं कुसळ असतं, फक्त बारीक. पेरणीची अवजारं स्वतःच घेऊन येणारं हे बी आहे. त्याला नांगर नको, उघडी माती दिसायला हवी आणि डोक्यावर तणाची सावली नको.

म्हणून आता मी पहिला पाऊस तणाला देतो. मृगात जे उगवेल ते उगवू द्यायचं आणि चार-पाच पानांवर आलं, फुलायच्या आत, की उपटायचं किंवा विळ्याने जमिनीलगत कापायचं. माती हलवायची नाही. मग आर्द्रात पाऊस स्थिरावला की बी फेकायचं, त्यावरून बोरीची काटेरी फांदी एकदा ओढायची आणि माणसांनी वावर पायाखालून काढायचं. बी मातीला चिकटलं पाहिजे, एवढाच उद्देश. मृगाच्या आधी धूळपेरणी मात्र करू नका. एक सर येते, मग पंधरा दिवस ऊन पडतं, उगवलेलं जळतं आणि न उगवलेलं मुंग्या ओढून नेतात.

घाणेरी, म्हणजे आपली रायमुनिया, असेल तर जेसीबी बोलावणं ही सगळ्यात महागडी चूक. झुडूप निघतं, पण सगळी जमीन उलथी होते आणि तुटलेल्या बुडख्यांना पुन्हा फूट येते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर साधी पद्धत दिली आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या थोडं खाली, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, कुदळीने मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलून तिथेच उलटं, मुळं वर करून ठेवायचं. माती जवळपास जागची हलत नाही. फळं धरायच्या आत करा, नाहीतर पक्षी बी सगळीकडे पेरतात.

तणनाशक मारून मोकळं व्हावं असं वाटतं, ते मला कळतं. पण ग्लायफोसेटचा वापर केंद्राने 2022 मध्ये अधिसूचना काढून अधिकृत कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरताच ठेवला होता, आणि जिथे चितळ चरणार, पाणी प्यायला उतरणार, तिथे मी ते कधीच फवारणार नाही. काडी लावणंही नको. वनविभागाच्या लेखी 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम आहे आणि बफरलगतच्या वावरातली ठिणगी थेट जंगलात जाते.

मशागत लागतेच अशी जागाही असते. जुना गोठा, ट्रॅक्टरची वाट, गुरं बसून बसून टणक झालेली पट्टी. ओलीतही कुदळ चार बोटं आत जात नसेल तर तेवढ्याच पट्टीवर वखर फिरवा. नांगर तिथेही नको. उताराच्या वावरात वखरणी आडवीच करा, उभी केली तर पहिल्या मोठ्या पावसात माती नाल्यात.

बी आणि जात निवडताना लोक परदेशातले व्हिडिओ बघतात, ही वेगळीच अडचण. तिकडे शिकारी मका, क्लोव्हर, सलगम लावतात ते हरणं बंदुकीच्या टप्प्यात यावीत म्हणून. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे, तेव्हा हेतूही वेगळा आणि पीकही वेगळं. मका-ज्वारीचा तुकडा लावला की रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं येतात आणि तिथून शेजाऱ्याच्या कपाशीत, तुरीत शिरतात. त्याचं नुकसान आपल्या हौसेपायी होऊ नये. बरसीम-लसूणघासाला रब्बीत पाणी द्यावं लागतं. नेपियर गवत माणसापेक्षा उंच होतं, त्यात डुकरं आणि बिबट्या दडतात, चितळाला तर आखूड आणि कोवळं हवं असतं. काळ्या जमिनीत मारवेल, पवन्या; मुरमाड टेकाडावर डोंगरी, शेडा; सोबत रानमूग, रानउडीद. हे सगळं आपल्याच धुऱ्यांवर उभं असतं. आणि हे फक्त स्वतःच्या सातबाऱ्यातल्या जमिनीत. जंगलाच्या जमिनीवर वनविभागाला विचारल्याशिवाय मूठभर बीही टाकू नका.

माती कशी आहे हे कळत नसेल तर आधी तेवढं परीक्षण करून घ्या. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, अमरावती रोडवर आहे, आणि एकाच तालुक्यात काळी, मुरमाड आणि धानाची जमीन शेजारी शेजारी असलेला हा जिल्हा आहे.

विकतचं बी घेतलं तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, दोन आठवड्यांत किती फुटतात ते मोजा. गवताच्या बियाण्यात पोकळ भुसाच जास्त निघतो. हे बी लवदार असल्याने तिफणीतून पडत नाही, चाड्यात गोळा होऊन बसतं. एक टोपलं बी, चार टोपली ओलसर रेती, हाताने चोळून कालवा आणि मग फेका, तेही अर्धं पूर्व-पश्चिम, अर्धं उत्तर-दक्षिण. सीड बॉलचं, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी भरून टाकायचं वेड मला गवतासाठी पटत नाही. लिंबाएवढ्या गोळ्याच्या आतलं बी तिथेच कुजतं. करायचेच असतील तर बोराच्या बीएवढे करा.

सगळ्यात खात्रीचा आणि स्वस्त उपाय ठोंबांचा. श्रावणात धुऱ्यावरचं मारवेल मुळासकट काढायचं, दोन-तीन काड्यांचे ठोंब करायचे, खुरप्याने भोक पाडून दीड-दोन फुटांवर लावायचे आणि टाचेने दाबायचे. माझ्या वावरात बियाणं फसलेली जागा अशीच भरून निघाली.

पेरल्यावर युरिया-डीएपी देऊ नका, पहिल्या वर्षी त्याचा फायदा तणालाच होतो. कच्चं शेणखतही नको, त्यातून वेडी बाभूळ येते. उगवण विरळ दिसली म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा वखरू नका. आधी खाली बसून बघा. गवताचं रोप पहिले दोन महिने मुळं धरत असतं, वर सुईएवढंच दिसतं. त्या काळात तरोटा फुलायच्या आत दोनदा निंदला तर पुढच्या वर्षी तो खूप कमी येतो.

पहिला पावसाळा गुरं आत येता कामा नयेत. गाय चरताना कोवळं रोप मुळासकट उपटते. बोर-बाभळीच्या काट्यांचं कुंपण पुरतं. चितळ थोडं खातील, खाऊ द्या. पण कुंपणाला करंट लावू नका, एका रात्रीसाठीही नाही. विदर्भात त्या तारेने वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. त्याच कारणाने जागाही विचार करून निवडा. घराजवळ, शाळेच्या वाटेवर, रस्त्याला लागून कुरण करू नका. चितळ आले की मागे वाघ-बिबट्या येणारच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी पिकून हाताला सुटायला लागलं की सकाळी दव सुकल्यावर ओरबाडून घ्या, चार दिवस सावलीत पसरा, गोणपाटाच्या पोत्यात भरा, प्लास्टिकमध्ये नाही. ताज्या बियाला काही महिन्यांची झोप असते, ती जूनपर्यंत मोडते. पोत्यावर गवताचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा, कारण पुढच्या उन्हाळ्यात सगळा भुसा सारखाच दिसतो.