हातातला माल डिजिटल करून कसा विकावा

‘फाइल एकदा बनवा आणि जन्मभर विका’ असं सांगणाऱ्यांनी बहुधा एकही फाइल विकलेली नसते. फाइलची प्रत काढायला खर्च नाही, हे खरं. पण ती घेतल्यावर अडलेल्या गिऱ्हाइकाचा फोन कुणीतरी उचलावा लागतोच.

तुमचा धंदा चालता आहे असं धरून चालतो. सगळं दुकान एकदम ऑनलाइन नेऊ नका. माहिती, आराखडा किंवा शिकवणं हाच ज्याचा गाभा आहे, असा एकच माल आधी निवडा.

आता खरी मेख. गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देतं? मीही इथे बराच काळ चाचपडलो. समजा, तुम्ही शिवणकामाचे कागदी पॅटर्न विकता. पॅटर्न हातात देताना ‘शिलाईची जागा यात धरलेली नाही, पॅटर्न कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवा’ असं तुम्ही सहज सांगून जाता. बिलात त्याची नोंद नसते, पण माणूस परत येतो तो त्यासाठी. पीडीएफमध्ये हे बोलणं आपोआप उतरत नाही. वर घरच्या प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ चालू असेल तर पॅटर्न आक्रसून छापला जातो, कपडा अंगात शिरत नाही आणि शिव्या तुम्हाला बसतात. म्हणून पहिल्याच पानावर ५ सेंटिमीटरचा चौकोन हवा: १०० टक्के आकारात छापा, पट्टीने मोजा, बरोबर भरला तरच पुढची पानं काढा.

तुमचा माल कुठलाही असो, गिऱ्हाईक विचारतं तो प्रत्येक प्रश्न वहीत टिपून ठेवा. ज्यांची उत्तरं लिहून किंवा छोट्या व्हिडिओत देता येतात, ती फाइलसोबतच द्या. जिथे माणसाला बघूनच सांगावं लागतं, ती वेगळी सेवा. तिचे पैसे वेगळे घ्या, फुकटात बांधून देऊ नका.

मग दर. हल्ली जो तो मासिक वर्गणी लावा म्हणतो. माझं मत ठाम आहे: दर महिन्याला नवं काही देणार नसाल तर वर्गणी लावू नका. आयट्यून्स या अ‍ॅपलच्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानाने २००३ मध्ये सुटं गाणं ९९ सेंटला विकलं, कारण लोकांना अख्खा अल्बम नको होता. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं; रोजचं काम त्या सॉफ्टवेअरवर असणाऱ्यांना सुधारणा लागतच होत्या. तीच ती फाइल दरमहा कोण विकत घेईल? आणि सतत काही देत राहून सतत पैसे घेण्याचं हे गणित इंटरनेटने आणलेलं नाही. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ मध्येच विमानाच्या इंजिनांच्या देखभालीचे पैसे उड्डाणाच्या तासांवर घ्यायला सुरुवात केली होती.

पैसे भरण्याची आणि डाउनलोडची सोय तयार सेवांवर होते. स्वतःचं अ‍ॅप बनवण्याच्या फंदात पडू नका. चोरी रोखायला कडक कुलपं लावाल तर प्रामाणिक गिऱ्हाईकच अडकेल. पानावर खरेदीदाराचं नाव छापलं तरी पुष्कळ.

विक्री उघडण्याआधी फाइल एका अनोळखी माणसाला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल ते पान बदला.

छापील माल लगेच बंद करू नका. नेटफ्लिक्सने स्ट्रीमिंग २००७ मध्ये सुरू केलं, पण टपालाने डीव्हीडी पाठवणं २०२३ पर्यंत चालू ठेवलं.